खोली नंबर चारचं पाणी

१३ जानेवारी, सोमवार

आज बाटल्या काढल्या. सगळ्या चाळीस. धुऊन, उपड्या करून, खोक्यात भरून माळ्यावर.

त्यांच्या जागी आता नळी. भिंतीतून येते, प्रत्येक पिंजऱ्यात एक तोंड, तोंडात बारीक खिळा. उंदराने खिळा दाबला की थेंब पडतो आणि मीटरवर नोंद होते. वीस महिने मी रोज सकाळी बाटली काट्यावर ठेवून वजन लिहीत आले — काल किती होतं, आज किती उरलं, म्हणजे किती प्यायला. ते काम संपलं. विपुल सर खूश. ‘नयनाबेन, आता तुमचा अर्धा दिवस वाचला!’

वाचला खरा. पण त्या बाटल्यांवरूनच मला हे चाळीस उंदीर कळले होते. तीन महिन्यांचे होते तेव्हा दिवसाला तीस मिली, आणि ते सगळं अंधार पडल्यावर. दिवसा बाटलीकडे बघायचेही नाहीत. वर्षाचे झाले तसे दिवसाही एखादा घोट घ्यायला लागले. दीड वर्षानंतर तर रात्र-दिवस काही राहिलं नाही. थोडं थोडं, सारखं सारखं, आणि एकूण पाणी जास्तच — छत्तीस, अडतीस. वय वाढतं तसं पिणं कसं बदलतं, हाच तर सगळा अभ्यास. मे महिन्यात चोवीस महिने पूर्ण होतील, तोवर चालायचा.

चैत्या खोका उचलताना म्हणाला, ‘बाई, म्हातारपणी नवीन भांडं कशाला?’ पंचावन्नचा आहे, सायवनहून मोटारसायकलवर येतो, माझ्याआधीपासून या अ‍ॅनिमल हाउसमध्ये आहे. त्याचं बोलणं मी हसण्यावारी नेलं.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी नाही. बाबांसाठी वाटेत तिळाचे लाडू घेतले, त्यांनी अर्धा खाल्ला.

१७ जानेवारी

आकडे आले. खोली नंबर चार, सरासरी अकरा मिली.

अकरा! मागच्या आठवड्यात छत्तीस होते!

सरांना वाटलं मी खूश होईन. स्क्रीनवर रेघ खाली घसरलेली दाखवली. म्हणाले, ‘हेच शोधत होतो आपण. म्हाताऱ्या जनावराची तहान मरते.’ मी म्हटलं, सर, एका आठवड्यात मरते का? तर म्हणाले, बाटल्या गळतात, थेंब थेंब भुशात जातो, म्हणून आधीचे आकडे फुगलेले होते. मशीन खोटं बोलत नाही. शेजारच्या खोलीतले तरुण उंदीर बघा, त्याच नळीवर अठ्ठावीस पितात.

ते खरंय. तरुण व्यवस्थित पितात. मी आकडे तक्त्यात उतरवले.

२२ जानेवारी

सतरा नंबरच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. तशीच उभी राहिली. मोजलं — तीन सेकंद. अंगातलं पाणी आटलं की असं होतं. डोळ्यांभोवती लालसर डाग. खाणंही निम्म्यावर. अजून सहा जणांचं तेच.

सरांना सांगितलं. ‘वय झालं त्यांचं.’ बस्स.

२७ जानेवारी

सतरा नंबर गेला. आणि तेहेतीस. आणि आठ.

चैत्याने मला हात धरून पिंजऱ्यासमोर बसवलं. खरंच हात धरून. ‘बोलू नका. बघा फक्त.’ वीस मिनिटं बसलो. एक म्हातारी उंदरीण उठली, कशीबशी नळीपर्यंत गेली. मान वर करावी लागते, ती थरथरत होती. नळीच्या तोंडाला लटकलेला ओलावा चाटला. खिळ्याला जीभ लागली, पण दाबला गेला नाही. पुन्हा चाटलं. पुन्हा. मग तिथेच खाली बसली.

‘तहान मेली नाय तिची,’ चैत्या म्हणाला. ‘जोर मेलाय.’

दात वाढून वाकडे झालेत, मानेत बळ नाही. बाटलीच्या नळीला जीभ लावली की पाणी आपोआप यायचं. इथे दाबावं लागतं. एवढी साधी गोष्ट! सरांकडे धावत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकलं, मग म्हणाले, ही लाइन सगळ्या खोल्यांत बसवलीय, वरच्या लोकांनी मंजूर केलीय, आता मध्येच बाटल्या लावल्या तर वीस महिन्यांचा अभ्यास गेला. ‘तीन मेले. चाळीसात तीन चालतात, नयनाबेन.’

२९ जानेवारी

केलं. लिहू की नको? लिहिते. ही वही कोण वाचणार आहे?

सर पाचला वापीला निघतात. साडेपाचच्या कंपनीच्या बसने मी डहाणूला. आज बस सोडली. चैत्याने माळ्यावरून खोका उतरवला. सव्वापाच ते सव्वासहा, सदतीस पिंजऱ्यांना सदतीस बाटल्या.

आधी काही हललं नाही. मग एकाने वास घेतला. मग सगळ्या खोलीत तो आवाज — बाटलीच्या तोंडातली गोळी जिभेने खडखडते तो. पंधरा दिवस ऐकला नव्हता. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि रडले. चैत्या पाठ करून उभा होता.

मग बाटल्या पुन्हा माळ्यावर. तलासरीहून वडापच्या जीपने चारोटी, तिथून दुसरी. घरी पोचायला आठ वाजले. बाबा पलंगावर बसून दाराकडे बघत होते. म्हटलं, काम वाढलंय बाबा. ‘असू दे,’ म्हणाले.

३ फेब्रुवारी

रोज देतो. रविवारी आलटून पालटून, एक रविवार मी, एक चैत्या. कातडी पुन्हा लवचीक झाली. डोळे स्वच्छ. खायला लागले.

सवय जात नाही — त्या तासातही बाटल्यांचं वजन घेते मी. वीस-बावीस मिली एका तासात. नळीचे आठ-नऊ धरले तर तीसच्या वर. म्हणजे तहान आहे. पुरेपूर आहे.

११ फेब्रुवारी

दररोजच्या तक्त्यावर एक रकाना असतो. ‘पाणी कशातून.’ मी लिहिते — नळी. ‘प्राण्यांची स्थिती.’ मी लिहिते — समाधानकारक. खाली सही.

सही करताना आज पेन अडखळलं. शाईच संपली होती. दुसरं पेन घेऊन केली.

२० फेब्रुवारी

बायजा सकाळी म्हणाली, ‘दशरथभाऊ दुपारचं जेवण टाकतात गं.’ बायजा शेजारची, दहापासून चारपर्यंत बाबांजवळ बसते. गुडघे गेल्यापासून त्यांना धरून उठवावं लागतं. रात्री विचारलं तर म्हणाले, तोंडाला चव नाही. तांब्या भरलेलाच होता. म्हटलं, पाणी पीत जा. ‘तहान नाही गं.’

मी खूप दमले होते. तांब्यातलं शिळं पाणी झाडाला ओतलं, ताजं भरून ठेवलं, झोपले.

५ मार्च

सरांनी मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. ज्यांच्यासाठी हा अभ्यास चाललाय त्या औषध कंपनीचे दोन जण आले होते. त्यांची म्हाताऱ्या माणसांसाठी गोळी येतेय — सारखं लघवीला उठावं लागू नये म्हणून.

पडद्यावर माझे उंदीर. एक रेघ पाण्याची, खाली खाली गेलेली. एक रेघ वजनाची, सपाट. सर म्हणाले, ‘म्हातारं शरीर पाण्याच्या तिसऱ्या हिश्शात उत्तम राहतं. नळी बसवल्यावर सुरुवातीला तीन मृत्यू, ते जुळवून घेताना. त्यानंतर एकही नाही. शरीर स्वतःच सवय करून घेतं.’

टाळ्या वाजल्या.

मी शेवटच्या रांगेत होते. ते उत्तम राहिलेत, कारण मी पाणी देते! आणि मी देते ते कुठेच लिहिलेलं नाही! ते मेले असते तर निदान खरं तरी दिसलं असतं. मी त्यांना जगवलं आणि खोटं उभं केलं.

त्या दोघांतला एक चहाच्या वेळी मला म्हणाला, ‘मॅडम, तुमचं रेकॉर्ड फार क्लीन आहे.’

६ मार्च

चैत्याला सगळं समजावून सांगितलं. त्याला रेघा कळत नाहीत, पण हे लगेच कळलं.

‘मंग सांगा ना.’

‘नोकरी जाईल. माझीही, तुझीही. तुझी तीन वर्षं राहिलीत.’

‘मंग पानी बंद करा.’

‘मरतील रे!’

तो भुसा चाळत राहिला. मग म्हणाला, ‘दोनातलं एक तं कराच लागल, बाई.’

मी दोन्ही केलं नाही. संध्याकाळी बाटल्या लावल्या.

२८ मार्च

उकाडा सुरू झाला. बाबांचे पाय सुकल्यासारखे दिसतात. रविवारी डॉक्टरकडे नेते.

३० मार्च

आज रविवार, पाणी द्यायची माझी पाळी होती. नेलं नाही. पाडवा होता आज, गुढी बायजाने उभारली.

७ एप्रिल

दोन गेले, वयाने गेले, ते मला कळतं. पस्तीस राहिले. माझं चित्त ठिकाणावर नाही. आज पिंजऱ्याच्या दाराने बोट चेमटलं, दुखलंसुद्धा नाही.

बाबा कधी कधी मला आईच्या नावाने हाक मारतात. वय.

१९ एप्रिल, शनिवार

चैत्याच्या पुतणीचं लग्न सायवनला. सोमवारपासून चार दिवस तो नाही. जाताना दोनदा विचारलं, ‘एकटीला जमल?’ म्हटलं, जमेल. आठवड्याभराच्या उन्हाने तो तांबडा झालाय, पण खुशीत होता. नाचाला तारपा वाजवणारा कुठल्या पाड्यावरून आणणार तेही सांगितलं.

२१ एप्रिल

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

दोन वाजता बायजाचा फोन. ‘लवकर ये गं, भाऊ काहीबाही बोलतात.’ सर म्हणाले जा, लगेच जा. चारोटीला जीप मिळेना, ट्रकवाल्याने घेतलं. घरी पोचले तर बाबा पलंगावर ताठ बसलेले, समोर हात करून ओरडत होते — ‘डाउन मालगाडी उभी आहे! सिग्नल द्या! कोण आहे केबिनला?’ वाणगाव स्टेशनच्या केबिनला बत्तीस वर्षं काढली त्यांनी. मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही रुळातून बाजूला व्हा.’

मला ओळखलं नाही.

रिक्षात घालून आणलं. ओठांना भेगा. जीभ लाकडासारखी. नर्सने हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली.

मी तोंड फिरवलं. मोजायचं नव्हतं मला.

२२ एप्रिल

सलाइन चालू आहे. डॉक्टर म्हणाले शरीरातलं पाणी आटलंय, सोडियम वर गेलंय, किडनीवर ताण आहे. मग सरळ विचारलं, ‘दिवसाला पाणी किती पितात?’

मला माहीत नव्हतं.

खोली नंबर चारमधल्या एकेका जनावराचं मी मिलीमध्ये सांगितलं असतं. डॉक्टर पेन धरून थांबले. म्हटलं, ‘तांब्या भरून ठेवते.’ ते म्हणाले, ‘ठेवता. पितात किती?’

बायजाला बाहेर गाठलं. मग म्हणाली, ‘दुपारनंतर घोटभरही घेत नाहीत गं ते. मी चारला जाते ना. मग लघवीला कोण धरणार? एकदा एकटे उठले आणि मोरीत पडले, फेब्रुवारीत. मला शपथ घातली, नयनाला सांगू नको. आधी तू साडेसहाला यायचीस तेव्हा चालून जायचं. आता आठ वाजतात. मग ते जेवतानाही पाणी घेईनात, सकाळीही हात राखूनच. म्हणायचे, पोरीचं काम वाढलंय, तिला कशाला.’

साडेसहाच्या ठिकाणी आठ. कशासाठी आठ — ते फक्त मला आणि चैत्याला माहीत आहे.

बाकावर बसले.

२३ एप्रिल

बाबा ग्लानीत. लघवी थोडी सुरू झाली म्हणतात.

आणि तिकडे तिसरा दिवस. चैत्याला सतरा फोन केले, लग्नघरी रेंज नाही. कोणाला सांगू? काय म्हणून सांगू? पाणी द्या, पण कोणाला कळू देऊ नका?

शेवटी सरांना फोन केला. ‘सर, खोली चारमध्ये जरा कोणी बघेल का?’ ‘लाइन चालू छे, नयनाबेन. तुम्ही बापुजीला सांभाळा.’ म्हटलं, ‘सर, उकाडा आहे, त्यांना —’ तेवढ्यात बाबा खोकले. फोन ठेवला.

ते एक वाक्य पुरं करता आलं असतं. बाबा तर नुसते खोकले होते.

२४ एप्रिल

बाबांनी ओळखलं! ‘नयू, चहा घेतलास?’ चमच्याने पाणी पाजलं. दर दहा मिनिटांनी दोन चमचे. मधे मधे मी मोजत होते, मग मोजणं सोडून दिलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

बायजाला बसवून कामावर गेले.

दारातच चैत्या भेटला. काल दुपारी लग्नाहून थेट आला होता. हळदीचा हात तसाच. ट्रे दाखवला.

नऊ.

उरलेल्या सव्वीसांना त्याने कालच बाटल्या लावल्या होत्या, भरदुपारी, सर खाली असताना. म्हणाला, ‘आता कोन बघतो नि नाय बघतो!’ चार जण बाटलीच्या तोंडाशीच बसून होते, सोडायला तयार नाहीत.

एकेक नऊ पिशवीत घातले. नंबर लिहिले. माझे हात व्यवस्थित चालत होते, तेच जास्त भयंकर वाटलं.

२६ एप्रिल

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. चहा मागवला.

‘तुम्ही नव्हता, चैत्या नव्हता, नऊ गेले. बेरीज मला पण येते.’

मी उभीच राहिले. म्हटलं, ‘सर, कधीपासून माहीत आहे?’

‘फेब्रुवारीएंड. भुसा ओला असायचा. आठ मिली पिऊन एवढा भुसा ओला होतो?’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘तुम्ही का नाही बोलल्या?’

चहा आला. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. चेहरा त्यांचाही उतरलेला होता, मी बघितलं. म्हणाले, लाइनचा निर्णय त्यांचा, कंपनीला शब्द दिलेला त्यांनी, घरी दोन मुलं कॉलेजात. नऊ मृत्यू एसी बंद पडल्याने झाले असं लिहिणार. सोमवारी तासभर लाइट गेली होतीच. ‘वीस मेपर्यंत चालू द्या, जसं चालू होतं तसं. पंचवीस दिवस. मग चोवीस महिने पूरा, रिपोर्ट बंद. कोणाचं काही बिघडत नाही.’

‘सर, ती गोळी म्हातारी माणसं घेणार. त्यांना सांगणार, पाणी कमी चालतं.’

त्यांनी स्वतःचा कप खाली ठेवला. मग ड्रॉवरमधून फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. जानेवारीपासूनचे तक्ते. ‘यात माझी एकपण सही नाही, नयनाबेन. बघा.’

बघितलं. खरंच नाही. सगळ्या माझ्या.

३० एप्रिल

बाबांना घरी आणलं. मी साडेसहाला येते आता, संध्याकाळचं पाणी चैत्या देतो. म्हणजे मी तेही सोडलेलं नाही. कमाल आहे माझी.

बाबा म्हणाले, ‘मला सांगायला हवं होतं तुला. लाज वाटली गं. बायजाने धरायचं, तू धरायचं… बाप माणसाला लाज वाटते.’ मी त्यांच्या पायाशी बसले होते. उशिरा का यायचे ते सांगितलं. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच मोठ्याने कोणाला तरी सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. वाटलं झोपले. मग म्हणाले, ‘सिग्नल चुकीचा पडला तर केबिनवाला आधी वहीत लिहितो. मग बाकीचं.’

‘नोकरी गेली तर, बाबा?’

बाबांनी तांब्याकडे हात केला. ग्लासभर पाणी मागून प्यायले, माझ्यासमोर, सगळं.

५ मे

आमच्याकडे प्राण्यांवर देखरेख करणारी समिती आहे. तिच्यात बाहेरची एक डॉक्टर असते, पालघरच्या डॉ. सावे, जनावरांच्या डॉक्टर. त्यांना पत्र लिहिलं. चार वेळा फाडलं. पाचवं पर्समध्ये आहे.

‘मी, नयना दशरथ राऊत, असे लिहून देते की’ — इथपर्यंत छान होतं. पुढे हात चालत नाही. पुढे आलं की औषधांचं बिल दिसतं, दर आठवड्याची रक्ततपासणी दिसते. अडतिसाव्या वर्षी मला कोण घेणार? अ‍ॅनिमल हाउसशिवाय मला येतं काय?

८ मे

आज डॉ. सावे पाहणीला आल्या. समिती वर्षातून दोनदा येते, मला तारीख माहीत होती, पत्र पर्समध्ये होतं, पर्स खांद्याला होती.

खोली नंबर चारमध्ये त्या बराच वेळ थांबल्या. एकाला हातावर घेतलं, दात बघितले, पोट चाचपलं. चांगल्या आहेत बाई. उंदराला खाली ठेवताना दोन्ही हातांनी ठेवलं. मग नळीचा खिळा स्वतःच्या बोटाने दाबून बघितला. माझ्याकडे वळल्या.

‘हा जरा घट्ट वाटतो मला. म्हाताऱ्यांना जमतं? काही अडचण?’

सर माझ्या मागे होते. चैत्या दाराशी, हातात झाडू.

एवढं सोपं कोणी करून दिलं नसतं! प्रश्नच त्यांनी विचारला होता. मला फक्त मान हलवायची होती.

मी म्हटलं, ‘नाही मॅडम. काही अडचण नाही.’

माझा आवाज इतका नीट होता. चैत्याने झाडू भिंतीला टेकवला आणि बाहेर गेला.

घरी येऊन आंघोळ केली. पुन्हा केली. बाबांनी विचारलं, आज काय झालं? म्हटलं, काही नाही. हेही नीट आवाजातच.

९ मे

चैत्या आज आला नाही. फोन बंद. संध्याकाळी बाटल्या मी एकटीने लावल्या. बस गेली. बाबांना फोन करून सांगितलं, बायजाला थांबवलंय. पाणी प्या.

जगावंसं वाटत नाही असं लिहिणार होते. ते खरं नाही. मला जगायचं आहे, म्हणूनच तर हे सगळं करून बसले.

१० मे

सकाळी सात वाजता चैत्याचा फोन. काल तो पालघरला गेला होता, डॉ. सावेंच्या दवाखान्यात, दोन तास बाहेर बसून राहिला. ‘सगळं सांगितलं बाई. पानी, बाटल्या, ते नऊ. तुमचं नाव बी सांगितलं. खोटं नव्हतो सांगनार.’ मग त्यानेच फोन ठेवला.

नऊला डॉ. सावेंचा फोन. रागावल्या नव्हत्या. फक्त विचारलं, ‘चैत्या सांगतात ते खरं आहे?’

म्हटलं, ‘हो. आणि सह्या माझ्या आहेत.’